चौथी जागा

१

रुपचंदनानांचा कॉम्प्युटर चालू व्हायला सहा मिनिटं लागत. नाना बटण दाबून अंगणात जात, कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतत, आणि परत येईपर्यंत पडद्यावर ती हिरवी टेकडी आलेली असे. मग पत्त्यांचे दोन डाव. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण हा नेम काही चुकला नाही.

नाना पोलीस खात्यात रायटर हवालदार. म्हणजे साहेब बोलणार आणि हा माणूस कागदावर आणणार. जबाब, तक्रार, पंचनामा, सगळं नानांच्या हातचं. तालुक्याच्या त्या ठाण्यात कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्याभोवती कायम तीन जण. म्हणून नानांनी पदरमोड करून हा घेतला, धुळ्याला देवपुरातल्या घराच्या मागच्या खोलीत बसवला आणि निम्मं ठाणं तिथून चालवलं.

आता त्यांची पद्धत ऐका. नाना नवा पंचनामा कधीच लिहीत नसत. आधीचा उघडायचा, नव्या नावानं ठेवायचा आणि मयताचं नाव तीन ठिकाणी बदलायचं: वर, मधे आणि शेवटच्या मतात. झाला कागद. पण चौथी एक जागा होती, अंगावरच्या वस्तूंची, आणि ती ते हटकून विसरत. एकदा एका दाढीवाल्या ट्रक ड्रायव्हरच्या पंचनाम्यात "दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, फुटलेल्या" असं राहून गेलं. साहेबांनी ते भर ठाण्यात मोठ्यानं वाचलं. सगळे पोट धरधरून हसले, नानाही हसले. त्या बांगड्या मुळात कोणाच्या, हे कोणी विचारलं नाही.

२

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, दोन दिवस आधी स्नेहल जळगावहून आली. नानांची एकुलती एक पोर, वय अठ्ठावीस, जळगावला एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर. आखाजीला लेकी माहेरी येतातच, त्यामुळे गल्लीत कोणी काही विचारलं नाही. पण तिच्या पिशवीत कपडे घडी न करता कोंबलेले होते आणि डावं मनगट वांग्यासारखं सुजलेलं होतं.

"नीलेशनं दारात चेपलं," ती म्हणाली. "चुकून नाही नाना. हात आत धरला आणि दारावर पाय देऊन उभा राहिला. म्हणे, पुढच्या वेळी डोकं."

नानांनी तुरटी-हळदीचा लेप घातला. तिला झोंबू नये म्हणून वर फुंकर घालत राहिले. पण तोंडातून निघालं ते ठाण्यातल्या अठरा वर्षांच्या सवयीनं. "आखाजी होऊ दे बाय. मी जावईबापूंना बोलावून घेतो, समजुतीनं मिटवू. तक्रार दिली की संसार संपतो, मी काय कमी बघितले?"

"आणि नाही दिली तर काय संपतं?" तिनं विचारलं. नाना वाटी धुवायला उठले.

पोरगी मुळात गप्प बसणारी नव्हे. हाताला काम हवं म्हणून तिनं तो जुना कॉम्प्युटर काढला. आईचे फोटो सगळे त्याच्यात अडकलेले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. पेन ड्राइव्ह त्यात चालेना, सीडीचं तोंड उघडेना. मग तिनं पाचकंदिलाजवळच्या दुकानातून वीस मीटर केबल आणली, पुढच्या खोलीतल्या राउटरपासून बोळातून मागच्या खोलीपर्यंत जमिनीवर टेपनं चिकटवत नेली आणि जुन्याला जोडली. दोन्ही मशीनना गटाचं एकच नाव दिलं. तरी तिचा नवा लॅपटॉप जुन्याला ओळख दाखवेना.

"ह्याची बोलायची पद्धत फार जुनी आहे," ती म्हणाली. "नव्यात ती बंद करून टाकलीय. मुद्दाम उघडावी लागते." पडद्यावर इशारा आला, हे सुरक्षित नाही. स्नेहलनं 'हो' दाबलं. लॅपटॉप बंद होऊन परत चालू झाला आणि गटात दोन नावं दिसली.

"घ्या नाना. आता तुमचं सगळं मला दिसतं."

"आणि तुझं?"

"तेही दिसणारच की तुम्हाला. रस्ता एकच, जा-ये दोन्हीकडून."

फोटो उतरवून झाल्यावर तिनं आपला एक कागद दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवला. वर नाव होतं 'तक्रार'. "तीन पानं लिहिलीत. तुमच्या खात्याच्या भाषेत नीट करून द्या, मग आपण जाऊन देऊ."

"बघतो," नाना म्हणाले. त्यांनी तो उघडला नाही.

३

आखाजीच्या सकाळी बायकोच्या नावाची घागर भरून, तिच्यावर आंबा आणि सांजोरी ठेवून नाना मागच्या खोलीत आले. बाहेर निंबाला झोके बांधले होते, दोर फांदीवर कर्रकर्र वाजत होता. पत्त्यांऐवजी आज त्यांनी जुनं फोल्डर उघडलं.

या मशीनच्या आतला सेल मरून बारा वर्षं झाली होती. रोज चालू केलं की तारीख दाखवायचं १ जानेवारी २००२. आणि आज एका फायलीसमोर आजची तारीख होती, वेळ सकाळी सात दहा. सात दहाला नाना कूलरमध्ये पाणी ओतत होते आणि स्नेहल न्हाणीत होती.

नेटवर्कवरून वेळ घेतली असेल, असं नानांनी स्वतःला सांगितलं. पटण्यासारखंच होतं. पण फाईल कोणती, तर 'झुंबर'. चौदा वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. त्यांनी उघडली.

"मयत नामे स्नेहल नीलेश बोरसे, वय २८. प्रेत घराचे मागील खोलीचे दाराशी पालथे, डोके पश्चिमेस. पूर्वेस कूलर, पश्चिमेस लाकडी टेबल व त्यावर कॉम्प्युटर, उत्तरेस भिंत, दक्षिणेस दार. डोक्यास मागील बाजूस चार इंच जखम, हाड फुटून आत गेलेले. डावे मनगट जुन्या मारामुळे सुजलेले. प्रेताजवळ मुसळ, रक्ताने माखलेले."

नानांनी नाव दोनदा वाचलं. मग संताप आला. ही काय चेष्टा झाली! ते ताडताड पुढच्या खोलीत गेले.

स्नेहल खाली बसली होती आणि शेजारच्या लताबाई साबण लावून तिच्या हातात बांगड्या चढवत होत्या. सुजलेल्या मनगटावरून काच सरकताना पोर ओठ चावत होती. "राहू द्या ना मावशी, आता निघायच्या पण नाहीत ह्या."

"आखाजीना दिन पोरना हात रिता ठेवतस का?" लताबाई म्हणाल्या. "बठ्ठा गावनी पोरी हिरव्या भरतीस. नाना, जावाई कवय येवाव शे?"

"परवा," नाना म्हणाले. फोन त्यांनी कालच केला होता. स्नेहलनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

लताबाई गेल्यावर नानांनी तिला ती फाईल लॅपटॉपवर उघडायला लावली. "मला नुसते रेघोट्या-चौकोन दिसतात नाना. तुमचा फॉन्ट जुना आहे, तो माझ्यात नाही. काय आहे हे?"

ती खोटं बोलत नव्हती. पोरीच्या चेहऱ्यावर नानांना लगेच कळायचं. "काही नाही," ते म्हणाले, "जुनं आहे."

४

आता ही झुंबरबाई कोण, ते सांगायलाच हवं. नानांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी मे महिन्यात ती ठाण्यात आली. सकाळी दहाला आली आणि दाराशी जमिनीवर बसली, पदर कपाळावर ओढून. "साहेब, नवरा माले मारी टाकी. मनं लिखी ल्या." साहेब बंदोबस्तात. नाना म्हणाले, बस, घेतो. तिच्यामागून आलेल्यांचं त्यांनी घेतलं, मोटारसायकलीची चोरी, बांधाचं भांडण. ती दर तासाला तेच म्हणायची, मनं लिखी ल्या, माझं लिहून घ्या. हात हलला की तिच्या बांगड्या वाजायच्या. पाच वाजता नाना म्हणाले, उद्या ये.

इथवर सगळ्याच ठाण्यांत होतं म्हणा. पण त्या संध्याकाळी घरी येऊन नाना या टेबलाशी बसले आणि त्यांच्या मनात आलं, ह्या बाईचं उद्या पंचनाम्यापर्यंत जाणार. दुसऱ्या दिवशी कामं फार होती. त्यांनी तिचा पंचनामा आधीच करून ठेवला. नाव, वय, घर, मुसळ, हिरव्या बांगड्या. तक्रार लिहायला त्यांच्याकडे सात तास नव्हते, आणि हे त्यांनी पंधरा मिनिटांत उरकलं. पंचांच्या सह्या कोऱ्या कागदावर घेतलेल्या असायच्याच.

सकाळी गावात गेले तर बाई घरात पालथी. डोकं फुटलेलं, शेजारी मुसळ. नानांना फक्त वेळ भरावी लागली. वर साहेबांनी पाठ थोपटली, रुपचंद, तुझा हात भारी चालतो.

तर आता मागच्या खोलीत परत येऊन नानांनी ती फाईल पुसली. कचऱ्याचा डबाही रिकामा केला. मशीन बंद केलं, पडदा काळा झाला आणि फुगीर मॉनिटरच्या काचेत मागची खोली दिसली: कूलर, दार, आणि दाराशी जमिनीवर कोणीतरी बसलेलं, पदर कपाळावर ओढलेला.

नाना वळले. दाराशी केबल होती आणि टेपचा सुटलेला तुकडा. उन्हानं गोंद वितळतो, असं ते मोठ्यानं म्हणाले.

५

दुसऱ्या दिवशी फाईल जागेवर होती. वेळ सकाळी सात दहा.

नानांनी आधी केबल उपटली. फाईल उघडून बघितली, एक अक्षर हललं नव्हतं. एकदा बघितलेलं ते मशीन विसरत नव्हतं. मग म्हणाले, बरं, मुसळच नसेल तर? बायकोचं मुसळ दाराआड उभं असायचं. ते उचलून त्यांनी थेट लताबाईंच्या हातात दिलं. "हाई तुमना घर ठेवा."

"काब्रं नाना? घरमा पोर शे, कुटाले लागी ना."

"ठेवा म्हंतो ना!" नाना असे ओरडले की लताबाईंनी मुकाट्यानं आत नेलं.

परत येऊन त्यांनी मशीन पाहिलं. मागे काचेची किणकिण झाली, अगदी हलकी, कोणी बसल्या जागी मांडी बदलावी तेवढी. ओळ बदललेली होती. "प्रेताजवळ लोखंडी टॉमी, रक्ताने माखलेली." टॉमी म्हणजे गाडीचं चाक खोलायची पहार. नानांच्या घरात तसलं काही नव्हतं. नीलेशच्या पिकअपमध्ये मात्र होती, सीटखाली. हे स्नेहलच्या तीन पानांत असणार, आणि ती पानं नानांनी अजून वाचली नव्हती. मशीननं वाचली होती.

केबल त्यांनीच परत जोडली. दोन्हीकडचं दिसलेलं बरं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

६

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता स्नेहल मागच्या खोलीत आली. ओढणी घेतलेली, हातात कागदांची पिशवी.

"नाना, चला. तो जळगावहून निघालाय, पारोळ्यापर्यंत आला असेल. तो यायच्या आत ठाण्यात जाऊ. मी एकटी गेले तर बसवून ठेवतील, तुम्ही बरोबर असलात तर लगेच लिहून घेतील. तुम्हाला माहितीय."

नानांना माहीत होतं. त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? पाच मिनिटांचा रस्ता. रिक्षा कोपऱ्यावर. पण पडद्यावर ती फाईल उघडी होती आणि आयुष्यभर ज्या माणसानं कागद दुरुस्त करून गोष्टी निस्तरल्या, त्याला आत्ताच सुचलं होतं की कागद बदलता येतो. नाव बदललं की झालं.

"दहा मिनिटं थांब. एवढं नीट करतो आणि निघू."

"नाना, माझं लिहून घ्या ना हो." तिचा आवाज फुटला. "दुसरं काही मागत नाही मी."

"तुझंच करतोय बाय! तुझ्यासाठीच चाललंय हे!"

ती तिथंच दाराशी जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. वर, स्नेहल नीलेश बोरसे खोडून नीलेश प्रेमराज बोरसे. मधे. शेवटच्या मतात. वय २८ चं ३३. सुजलेल्या मनगटाची ओळ उडवली. तीनही जागा पुन्हा तपासल्या आणि ठेवून दिलं. यंत्रानं मुकाट्यानं घेतलं. नानांना हसूच आलं, रडू येतं तसं.

"झालं! चल, उठ."

बाहेर पिकअपचं दार आपटलं.

७

नीलेश आत आला तो आंब्यांची पेटी घेऊन, नानांच्या पाया पडायला वाकतच. स्नेहल लॅपटॉप बंद करायला पुढे धावली आणि तिथंच घोटाळा झाला. त्यानं तिच्या डोळ्यांचा रोख धरला. पडद्यावर तीन पानं उघडी होती आणि ती अक्षरं नवीन होती, कोणालाही वाचता येण्यासारखी.

त्यानं उभ्यानं अर्धं पान वाचलं. पेटी खाली ठेवली, हळूच, आंबे दबू नयेत तशी. "दोन मिनिटांत आलो," म्हणून बाहेर गेला.

तो टॉमी घेऊनच परतला. लॅपटॉपवर पहिला घाव, काचा भिंतीपर्यंत उडाल्या. "पळ!" नाना ओरडले. स्नेहल बोळातून मागे धावली. टेप सुटलेली केबल तिच्या पायात आली, ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर तोंडघशी पडली, आणि नीलेशनं मागून हात उचलला. नानांनी त्याच्या कमरेला मिठी घातली. टॉमी खाली आलीच, पण तिच्या खांद्यावर बसली, असं नानांना वाटलं.

मग दोघं खोलीत कोसळले. नीलेशचं कोपर नानांच्या तोंडावर आलं, दात तुटून घशात गेला. नानांनी त्याच्या मनगटाचा चावा घेतला, मांस तोंडात आलं. टॉमी सुटली. ती पकडली कोणी? सदुसष्ट वर्षांच्या त्या हातांत हे बळ आलं कुठून? पहिल्या घावाला नीलेश गुडघ्यावर आला. "नाना, ओ नाना, माफ..." दुसऱ्याला पालथा झाला. नाना थांबले नाहीत. तोंडानं मोजल्यासारखं ते एकच म्हणत होते, लिहिलंय, लिहिलंय, लिहिलंय. हाड फुटून आत गेलं तरी म्हणत होते.

मग बाहेरचा दोर ऐकू आला. पोरी झोक्यावर गात होत्या.

नीलेश पालथा पडला होता, डोकं पश्चिमेस. पूर्वेस कूलर. डोक्याच्या मागे चार इंच. शेजारी टॉमी. नानांनी सगळं एकेक ताडून पाहिलं आणि त्यांच्या छातीतून मोठा हुंदका आला. साधलं होतं. पोर वाचली होती. आपण जन्मठेपेला गेलो तरी बेहत्तर.

"ऊठ बाय," ते म्हणाले. "चल, आता तुझं लिहून देतो. ऊठ."

ती उठली नाही. उंबऱ्यावर तशीच होती, खोलीच्या आत डोकं आणि बोळात पाय. ओढणी मानेपाशी काळी भिजली होती. दोन्ही हात पुढे पसरलेले आणि त्यांच्याभोवती फरशीवर हिरव्या काचेचे तुकडे.

नानांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तीन जागा बरोबर होत्या. खाली, अंगावरच्या वस्तूंत, चौदा वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ जशीच्या तशी होती: दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या, फुटलेल्या. कागद दोघांचा झाला होता.

८

लताबाईंनी आरडाओरड ऐकून पोलिसांना फोन केला तेव्हा चार वाजून गेले होते. गाडी निघाली म्हणाले.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर घरघरत थांबला, पडदा काळा झाला. नाना खुर्चीत बसून होते, गुडघ्यापर्यंत लाल. त्यांना मागे वळायचं नव्हतं, पण काच समोरच होती.

काचेत खोली दिसत होती. दाराशी भिंतीला टेकून दोघी बसल्या होत्या. एकीचा पदर कपाळावर ओढलेला. दुसरीची ओढणी मानेपाशी ओली. दोघी नानांच्या पाठीकडे बघत होत्या, घाई न करता, ठाण्यात बसतात तशा. त्यांच्या मांडीवरचे हात हलले आणि काच वाजली.

नानांनी कीबोर्ड जवळ ओढला. बोटं रक्तानं चिकटत होती, मशीन बंद होतं.

"बोला बाई," ते म्हणाले. "काय झालं, पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेतो."